तिरक्या कमरेची गिटार : अल्प मोलांत जुन्या घाटाचें वाद्य कसें पारखावें

वाद्य विकत घेणें ही गोष्ट वरवर पाहतां सोपी दिसते. दुकानांत जावें, रंग पाहावा, किंमत विचारावी, पैसे मोजावे आणि वाद्य घरीं आणावें, एवढाच तिचा विस्तार आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्या घरीं महिन्याचा खर्च भागवून जें उरतें त्यांतूनच मुलांच्या हौसेला वाट करून द्यावी लागते, त्या घरीं ही खरेदी लहान नव्हे. आईबापांनीं वर्षभर बाजूस टाकलेले पैसे एका दिवसांत खर्च व्हावयाचे असतात. शिवाय वाद्य वाईट निघालें तर केवळ पैसेच बुडतात असें नाहीं. मुलाचा स्वतःच्या कानावरील व बोटांवरील विश्वासहि बुडतो. आपल्या नशिबीं संगीत नाहीं असें समजून तो वाद्य खुंटीला टांगतो, आणि दोष आपला नसून वांकलेल्या मानेचा किंवा बेसूर घोडीचा होता हें त्याला कधींच कळत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत एका विशिष्ट जातीच्या वाद्याचें उदाहरण घेऊन तें पारखावें कसें, याचा विचार करावयाचा आहे.

हें वाद्य म्हणजे जुन्या घाटाची ‘ऑफसेट’ इलेक्ट्रिक गिटार होय. हल्लीं पुष्कळ तरुणांचें मन या घाटावर बसलें आहे. अस्सल जुन्या गिटारींच्या किमती सामान्य माणसाच्या आवांक्यापलीकडे गेल्या आहेत. परंतु त्यांच्या धर्तीवर नव्यानें बनविलेल्या, बेताच्या किमतीच्या गिटारी बाजारांत मिळतात. त्यांत चांगल्याहि आहेत आणि केवळ दिखाऊहि आहेत. त्यांतील भेद ओळखतां यावा, एवढाच या विवेचनाचा हेतु.

१. घाट

साध्या गिटारीचें धड डोळ्यांपुढें आणावें. तिची कंबर दोन्ही बाजूंनीं आंत गेलेली असते, आणि त्या दोन खांचा एकमेकींच्या अगदीं समोर असतात. मधोमध रेघ ओढली तर कमरेपाशीं डावें अंग हें उजव्या अंगाचें प्रतिबिंबच भासेल. ऑफसेट गिटारीचें तसें नसतें. तिची एक खांच मानेच्या दिशेनें व दुसरी शेपटाच्या दिशेनें सरकलेली असते, त्यामुळें सगळें धड किंचित् तिरकें, जणूं चालतां चालतां थबकल्यासारखें दिसतें. ‘ऑफसेट’ या शब्दाचा अर्थच मूळ जागेवरून बाजूस सरकविलेलें असा आहे.

हा तिरकेपणा शोभेसाठीं केलेला नव्हता. बसून वाजविणाऱ्याच्या मांडीवर खालची खांच टेकते. ती जर पुढें सरकविली, तर वाद्याचा तोल बरोबर राहतो व उजवा हात तारांवर नैसर्गिक रीतीनें येतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत फुलर्टन नांवाचें गांव आहे. तेथील लिओ फेंडर या कारागिरानें या कल्पनेच्या पेटंटसाठीं जानेवारी १९५८ मध्यें अर्ज केला व १९६० सालीं त्यास तें मिळालें.

२. पूर्ववृत्त

लिओ फेंडर (१९०९–१९९१) हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. तो वादकांच्या हातीं आपलें वाद्य देई, त्यांच्या तक्रारी ऐके व त्याप्रमाणें फेरफार करी. १९५० सालीं त्यानें भरीव लांकडी धडाची गिटार बाजारांत आणली. तीच पुढें ‘टेलिकास्टर’ या नांवानें प्रसिद्धीस आली. १९५४ सालीं ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. कंपदांड्यासह तिची किंमत त्या वेळीं २४९.५० डॉलर होती. १९५८ सालीं आलेली ‘जॅझमास्टर’ ही पहिली तिरक्या कमरेची गिटार होय. कारखान्याच्या यादींत ती सर्वांत महाग होती, आणि नांवाप्रमाणें ती जॅझ वादकांसाठीं योजलेली होती.

परंतु ज्यांच्यासाठीं योजिली त्यांनीं ती फारशी उचलली नाहीं. बहुतेक जॅझ वादक आपल्या पोकळ धडाच्या गिटारीच पसंत करीत राहिले. उलट कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील तरुणांनीं तिला आपलेंसें केलें. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या या तरुणांचें ‘सर्फ’ नांवाचें संगीत १९६० नंतरच्या पहिल्या चारपांच वर्षांत फार लोकप्रिय झालें, व त्याबरोबर या गिटारीहि घरोघर पोंचल्या. १९६२ सालीं ‘जॅग्वार’ व १९६४ सालीं ‘मस्टँग’ अशा तिच्या दोन बहिणी निघाल्या. पुढें जानेवारी १९६५ मध्यें सी. बी. एस. या कंपनीनें फेंडरचा सगळा कारखाना १ कोटि ३० लाख डॉलरांस विकत घेतला.

लोकांची आवड मात्र फिरली. जॅग्वार १९७५ सालीं, जॅझमास्टर १९८० सालीं व मस्टँग १९८२ सालीं बंद झाली. जुन्या गिटारी गहाणवट दुकानांत धूळ खात पडूं लागल्या. अशा वेळीं खिशांत थोडे पैसे असलेल्या नव्या पिढीच्या वादकांची दृष्टि त्यांवर गेली. नामांकित गिटारी त्यांना परवडत नव्हत्या; या टाकाऊ मानलेल्या गिटारी परवडत होत्या. इंग्लंडच्या एल्व्हिस कॉस्टेलोच्या १९७७ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याच्या हातीं जॅझमास्टरच दिसते. न्यूयॉर्कच्या ‘सॉनिक यूथ’ या वादकसंघानें तिच्यांतून कोणीं न ऐकलेले आवाज काढले. १९९१ सालीं गाजलेल्या ‘निर्व्हाना’ संघाचा कर्ट कोबेन जॅग्वार व मस्टँग वापरी. त्याच्या निळ्या मस्टँगला २०२२ सालच्या लिलावांत सुमारें ४५ लाख डॉलर आले.

ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. मस्टँग ही कारखान्यानें मुळांत शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीं, बेताच्या किमतींत मिळावी म्हणून बनविली होती. लिलावांतील किंमत लांकडाची नव्हती, तारांची नव्हती. ती ज्या हातानें तें वाद्य वाजविलें त्याची होती. नुसता घाट विकत घेऊन तो हात मिळत नाहीं.

३. तीन बहिणी व त्यांतील भेद

आतां या तीन गिटारींतील फरक पाहूं. कारण दुकानदारास नुसतें ‘ऑफसेट द्या’ म्हणून सांगणें म्हणजे कापडवाल्यास नुसतें ‘कापड द्या’ म्हणण्यासारखें आहे.

पहिला भेद तारेच्या लांबीचा. मानेच्या शेंड्याशीं तारांसाठीं खांचा पाडलेली जी पट्टी असते तेथपासून घोडीपर्यंतच्या अंतरास वाजती लांबी म्हणतां येईल. जॅझमास्टरची ही लांबी २५ १/२ इंच, म्हणजे सुमारें ६४८ मिलिमीटर आहे. जॅग्वारची व बहुतेक मस्टँगांची २४ इंच, म्हणजे सुमारें ६१० मिलिमीटर आहे. दीड इंचाचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण बोटांना तो लगेच कळतो. एकच तार एकाच सुरांत लावावयाची असेल, तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. २४ ला २५ १/२ नें भागून वर्ग केला तर सुमारें ०.८९ येतात. म्हणजे जॅग्वारवरील तार जॅझमास्टरवरील त्याच तारेपेक्षां जवळजवळ एक-नवमांश सैल असते. तसेंच पहिला पडदा जॅझमास्टरवर पट्टीपासून सुमारें ३६ मिलिमीटरांवर येतो, तर जॅग्वारवर सुमारें ३४ वर. लहान हाताच्या मुलामुलींस आंखूड लांबीची गिटार सोयीची पडते. परंतु बारीक तारा लावल्यास ती फार ढिली वाटते, म्हणून तिला किंचित् जाड तारा लावाव्या.

दुसरा भेद आवाज टिपणाऱ्या पिकअपांचा. जॅझमास्टरचें पिकअप रुंद व चपटें असतें, त्यामुळें तिचा स्वर भरदार व मऊ येतो. जॅग्वारचें अरुंद असून त्याच्या दोन्ही अंगांस दांतेरी पत्रा बसविलेला असतो. तिचा स्वर तीक्ष्ण व तुटक. मस्टँगचीं पिकअपें तिरपीं बसविलेलीं असतात व प्रत्येकास स्वतंत्र सरकती कळ असते.

तिसरा भेद कळांचा. जॅझमास्टर व जॅग्वार यांच्या वरच्या अंगास एक लहान कळ व दोन चाकें असतात. कळ फिरवितांच मानेजवळचें पिकअप एका निराळ्या, मंद व गडद आवाजाच्या मंडलाशीं जोडलें जातें. साथ करतांना एक आवाज व एकट्यानें वाजवितांना दुसरा, अशी ही योजना होती. नवशिक्याच्या हातून ही कळ नकळत सरकते व ‘गिटार बिघडली, आवाज गेला’ अशी घरांत धांवपळ होते. म्हणून तिची माहिती आधींच असलेली बरी.

चौथी एक गंमत तिघींतहि आहे. घोडीच्या मागें तारेचा बराचसा भाग मोकळा राहतो. पुढचा भाग वाजला कीं मागचा भागहि बारीक किणकिणतो. सतारीच्या तरफा जशा न छेडतां झंकारतात, त्याच तत्त्वावर हें घडतें. कित्येकांना हा झंकार या गिटारीचें खरें सौंदर्य वाटतो, तर कित्येकांना तो दोष वाटतो. आपल्याला काय वाटतें हें दुकानांतच ऐकून ठरवावें.

४. नवीन असून जुन्यासारखी

मिशिगन प्रांतांत व्ही. सी. स्क्वायर या नांवाचा तारा बनविणारा एक जुना कारखाना होता. तो १९६५ सालीं फेंडर कंपनीनें घेतला, व १९८२ सालापासून त्या नांवानें आपल्याच गिटारींच्या स्वस्त आवृत्त्या काढण्यास आरंभ केला. या ‘स्क्वायर’ गिटारींची ‘क्लासिक व्हाइब’ नांवाची जी मालिका आहे, तींत २०१९ सालीं जॅझमास्टर, जॅग्वार व मस्टँग या तिन्ही आल्या. त्या इंडोनेशियांत बनविलेल्या असून अमेरिकेंत त्यांची किंमत त्या वेळीं चारशें डॉलरांच्या आसपास होती. त्यांतहि स्वस्त अशी ‘सॉनिक’ मालिका २०२३ सालीं आली. तींतील मस्टँगला कंपदांडाच नाहीं, घोडी धडावर पक्की बसविलेली आहे. जर्मनींतील एका मोठ्या व्यापाऱ्याच्या ‘हार्ले बेंटन’ या नांवाखालींहि याच घाटाच्या स्वस्त गिटारी निघाल्या आहेत.

येथें एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. जुन्या गिटारींच्या मानेवरील बोटें टेकविण्याची पट्टी शिसवाच्या जातीच्या लांकडाची असे. शिसवाची सर्व जात जगभर तोडली जाऊं लागली, तेव्हां २ जानेवारी २०१७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांस २०१९ च्या अखेरीस त्यांतून सूट मिळाली. परंतु दरम्यान पुष्कळ कारखान्यांनीं दुसरें लांकूड धरलें होतें. स्क्वायरच्या गिटारींच्या मानेवर ज्याची पट्टी असते तें ‘इंडियन लॉरेल’ म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला ऐन होय. सह्याद्रीच्या रानांत मगरीच्या पाठीसारख्या सालीचा जो उंच वृक्ष दिसतो, त्याच जातीचें लांकूड कॅलिफोर्नियाच्या घाटाच्या वाद्यावर बसविलेलें पाहून कौतुक वाटल्याशिवाय राहत नाहीं. हें लांकूड शिसवाइतकें काळें नसतें, म्हणून त्यास कमी प्रतीचें समजूं नये. मात्र नवें असतांना तें कधीं कधीं कोरडें व फिकें दिसतें. थोडें तेल चोळल्यानें त्यास रंग चढतो.

५. प्रत्यक्ष परीक्षा

दुकानांत गेल्यावर रंग शेवटीं पाहावा. परीक्षेचा क्रम असा ठेवावा.

पहिली परीक्षा मानेची. गिटार उचलून डोळ्याशीं धरावी व सुतार फळीची धार पाहतो त्याप्रमाणें मानेच्या कडेनें पाहावें. पीळ पडलेला असेल तर ती तेथेंच खालीं ठेवावी. तो दोष सहसा बरा होत नाहीं. नंतर जाड तार पहिल्या पडद्यावर व शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून सातव्या पडद्यापाशीं किती फट राहते तें पाहावें. जाड कागदाइतकी फट असावी. अधिक असल्यास मान पुढें वांकली आहे. मुळींच नसल्यास मागें. हा बांक मानेच्या आंत असलेल्या पोलादी सळईनें सुधारतां येतो, पण तें काम जाणत्याकडून करून घ्यावें.

दुसरी परीक्षा पडद्यांची. मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवावें. पडद्यांचीं टोकें बोचत असतील तर घांसणी नीट झालेली नाहीं. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदां वाजवावी. यास पांच मिनिटें लागतात, आणि दुकानदार उतावीळ झाला तरी तीं पांच मिनिटें घ्यावींच. कोठें तार कुजबुजते, कोठें मुकी होते, हें याखेरीज कळत नाहीं.

तिसरी परीक्षा घोडीची, आणि या जातीच्या गिटारींत हीच सर्वांत महत्त्वाची. जॅझमास्टर व जॅग्वार यांची घोडी दोन पायांवर डुलती बसविलेली असते, म्हणजे कंपदांडा दाबतांना ती तारांबरोबर किंचित् झुकते. ज्या काळीं ती योजली गेली, त्या काळीं वादक जाड तारा वापरीत. जाड तारांचा दाब घोडीवर चांगला पडतो. पुढें बारीक तारांची रीत आली, दाब कमी झाला, व तारा घोडीवरील बारीक खोबणींतून उडूं लागल्या, घोडी खरखरूं लागली. यामुळेंच ‘ही गिटार वाईट’ असा लौकिक पसरला. वास्तविक दोष वाद्याचा नसून जोडणीचा होता. म्हणून सर्वांत जाड तार जरा जोरानें छेडून पाहावी. ती जागची हालली किंवा घोडी खडखडली तर उपाय तीन आहेत. पहिला, जाड तारा लावणें. पहिली तार ११ क्रमांकाची किंवा त्याहून जाड असावी. दुसरा, मानेच्या बुडाशीं पातळ पाचर घालून तारांचा घोडीवरील कोन वाढविणें. तिसरा, खोल खोबणीची घोडी बसविणें. पहिले दोन उपाय अल्प खर्चाचे आहेत. तिसरा खर्चाचा असल्यामुळें शेवटीं करावा.

चौथी परीक्षा स्वरशुद्धीची. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो, आणि अर्धी तार मूळ स्वराचा वरचा षड्ज देते. त्या पडद्यावर बोट हलकें टेकवून निघणारा स्वर आणि तार पूर्ण दाबून निघणारा स्वर हे दोन्ही एकच असले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आला तर घोडीवरील टेकू मागें सरकवावा लागतो, उतरता आला तर पुढें. टेकू सरकविण्यास जागा उरली आहे किंवा नाहीं, हेंहि पाहून ठेवावें.

पांचवी परीक्षा कंपदांड्याची. सर्व तारा जुळवून दांडा दहा वेळां हळू दाबावा व सोडावा. मग पुन्हां स्वर पाहावे. थोडें उतरणें क्षम्य आहे. सर्वच तारा निरनिराळ्या वाटेनें गेल्या तर बहुधा शेंड्याकडील पट्टीच्या खांचा अरुंद असतात, व तें काम कारागीर अर्ध्या तासांत करतो. मूळच्या जॅझमास्टरमध्यें दांडा बंद करण्याचें एक सरकतें बटन असे, त्यामुळें एक तार तुटली तरी बाकीच्या सुरांत राहत. स्वस्त नकलांत हें बटन पुष्कळदां गाळलेलें असतें. त्यावांचून अडत नाहीं, पण आहे किंवा नाहीं हें ठाऊक असावें.

सहावी परीक्षा विजेची. गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडून प्रत्येक कळ व प्रत्येक गोल बटन फिरवावें. खरखर थोडी असल्यास धूळ असते. आवाज मधूनच तुटत असल्यास जोड सुटलेला असतो. पिकअपाच्या झांकणावरून मात्र आंतील रचना ओळखतां येत नाहीं. खऱ्या जॅझमास्टर पिकअपांत तारेखालीं दिसणारे खांब हे स्वतःच लोहचुंबक असतात. कांहीं स्वस्त गिटारींत झांकण तेंच ठेवून आंत दुसऱ्या जातीचें पिकअप असतें. त्याचे खांब म्हणजे साधे स्क्रू व चुंबक तळाशीं. तें वाईट असतें असें नव्हे. त्याचा आवाज जाड व दांडगा येतो. पण आपण काय घेत आहोंत तें कळून घ्यावें.

६. वीज, गुणगुण आणि जपणूक

पिकअपाचें शास्त्र आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतीलच आहे. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदललें म्हणजे वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. गिटारीची पोलादी तार कांपते, चुंबकाचें क्षेत्र हालतें, व तितक्याच कंपनांची सूक्ष्म वीज वेटोळ्यांत निर्माण होते. परंतु वेटोळें भेदभाव जाणत नाहीं. घरांतील विजेच्या तारांची, सेकंदास ५० आवर्तनांचीहि लहर तें टिपतें, व तीच गुणगुण होऊन ऐकूं येते. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपांत ही गुणगुण थोडी असणारच. पुष्कळ गिटारींत दोन पिकअपें परस्परविरुद्ध गुंडाळलेलीं असतात, म्हणून कळ मधल्या जागीं ठेवली कीं गुणगुण जवळजवळ नाहींशी होते. ही खूण दुकानांत अवश्य पाहावी.

यापुढील सूचना पालकांसाठीं आहे, आणि ती सर्वांत निकडीची आहे. गिटारीच्या तारा आंतून जमिनीच्या वायरला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेल्या असतात. अ‍ॅम्प्लिफायर सदोष असला, किंवा घरच्या प्लगला अर्थिंगच नसलें, तर तीच विजेची वाट वाजविणाऱ्याच्या हातापर्यंत येऊं शकते. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वॉन्सी येथें लेस्ली हार्वे नांवाचा तरुण गिटारवादक रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगवरच लावावा, तिसरी पिन काढून टाकूं नये, आणि वायरमनकडून घरचें अर्थिंग एकदां तपासून घ्यावें. फार जुना, अनोळखी अ‍ॅम्प्लिफायर केवळ स्वस्त मिळतो म्हणून आणूं नये.

कोंकण व मुंबई येथील पावसाळी हवेंत तारा लवकर गंजतात व मान थोडी हालते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या, गिटार पेटींत ठेवावी, पेटींत ओल शोषणारी पुडी असावी, आणि भिंतीला ओल असलेल्या खोलींत ती टांगूं नये. जून-जुलैंत स्वर चढले-उतरले तर वाद्य बिघडलें असें समजून घाबरूं नये; ऋतु बदलल्यावर एकदां जोडणी करून घेतली म्हणजे पुरे.

७. पैशाची वांटणी

सर्व पैसे गिटारीवर घालणें ही सामान्य चूक आहे. अ‍ॅम्प्लिफायरवांचून ही गिटार जवळजवळ मुकी असते. जुन्या हिशेबानें बोलावयाचें तर रुपयांतले दहा आणे गिटारीला, चार आणे लहानशा अ‍ॅम्प्लिफायरला, व उरलेले दोन आणे तारा, सूर जुळविण्याचें यंत्र, पट्टा व जाणत्या कारागिराकडून एकदां जोडणी करून घेणें यांसाठीं ठेवावे. घरांत दहा ते वीस वॉटांचा अ‍ॅम्प्लिफायर भरपूर होतो. त्याला कानांत लावण्याच्या हेडफोनची सोय असल्यास शेजारधर्महि सांभाळला जातो. मध्यम प्रतीची पण नीट जोडलेली गिटार ही महाग पण बेजोड गिटारीपेक्षां शंभर पटींनीं बरी.

वापरलेली गिटार घेण्यास हरकत नाहीं; उलट त्याच पैशांत वरच्या प्रतीची मिळते. पण तेथें शब्दांकडे लक्ष असावें. ‘व्हिंटेज’ म्हणजे खरोखर जुनी, आणि ‘व्हिंटेज धर्तीची’ म्हणजे जुन्यासारखी नवी. विक्रेता या दोहोंची गल्लत करीत असेल तर सावध व्हावें. मानेच्या डोक्यावरील नांवाची चिकटपट्टी बदलून हलक्या गिटारीला भारी नांव देण्याची लबाडी जगांत सर्वत्र चालते. अशा वेळीं अनुक्रमांक पाहावा. इंडोनेशियांत कोर-टेकच्या कारखान्यांत बनलेल्या स्क्वायरच्या अनुक्रमांकास आय. सी. एस. हीं अक्षरें असतात, व पुढील दोन आंकडे सालाचे असतात. अक्षरें एक सांगतात व विक्रेता दुसरें सांगतो असें आढळलें, तर अक्षरांवर विश्वास ठेवावा. जुन्या गिटारीच्या मानेचे पडदे किती झिजले आहेत हेंहि पाहावें. नवे पडदे बसविण्याचा खर्च कधीं कधीं स्वस्त गिटारीच्या किमतीच्या निम्म्याला जातो.

कोणती बहीण घ्यावी, असें विचाराल तर थोडक्यांत सांगतों. हात लहान असेल व पैसे फारच बेताचे असतील तर पक्क्या घोडीची साधी मस्टँग. तींत बिघडण्यासारखें फार थोडें आहे. भरदार, मोकळा आवाज हवा असून जोडणीची थोडी उठाठेव करण्याची तयारी असेल तर जॅझमास्टर. तीक्ष्ण आवाज व आंखूड मान दोन्ही हवीं असतील तर जॅग्वार. परंतु तिच्या कळा पुष्कळ असल्यामुळें अगदीं पहिलें वाद्य म्हणून ती घेण्याची घाई करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, या गिटारींचा इतिहास ध्यानांत ठेवा. ज्या तरुणांनीं त्यांना पुन्हां मान मिळवून दिला, त्यांनीं त्या मोठें नांव म्हणून घेतल्या नव्हत्या. हातीं असलेल्या पैशांत जें मिळालें त्यांतील गुण त्यांनीं कानानें शोधून काढले, दोष हातानें दुरुस्त केले, आणि रोज वाजविलें. तुम्हांसहि तेवढेंच करावयाचें आहे. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें वाद्य मागितलें तर किंमत विचारण्यापूर्वीं त्याच्याबरोबर दुकानांत जाऊन वरील सहा परीक्षा त्यालाच करावयास सांगाव्या. ज्या मुलानें प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवून ऐकली, त्याच्या हातीं दिलेले पैसे वांया जाण्याचें भय थोडें.